माझ्या नावाचा खड्डा

लेकरं सांभाळायला असं काय लागतं, हे मला आजवर इतक्या जणांनी विचारलंय, की दर वेळी विचारणाऱ्याच्या मांडीवर एक ओलं लेकरू ठेवून मी अर्धा तास बाहेर गेले असते तर प्रश्न तिथंच मिटला असता. विचारणारे बहुतेक पुरुष, आणि त्यातले निम्मे कुठल्या तरी मंडळावर बसलेले. सूतगिरणीच्या बालवाडीतून मी निवृत्त झाले तेव्हा शाल देताना एक संचालक म्हणाले, "कमलबाईंनी आयुष्यभर मुलांना खेळवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

म्हणून आधी काम काय ते सांगते. तान्हं लेकरू आणि चार वर्षांचं लेकरू ही दोन निराळी गिऱ्हाइकं. तान्ह्याला मांडी लागते, चार वर्षांच्याला उत्तर लागतं. मधलं, नुकतं चालायला लागलेलं, सगळ्यात अवघड; त्याला पाय फुटलेले असतात आणि अक्कल अजून यायची असते. एक बाई पाच तान्ही नीट सांभाळते. सहावं आलं की ती नुसती राखण करते, आणि राखण शेताची करतात. रडणं भुकेचं, झोपेचं, दुखण्याचं की आईच्या आठवणीचं, हे आवाजावरून ओळखायचं, आणि दहा जणं एकदम रडत असताना ओळखायचं. ज्याचं रडणं मधेच थांबतं त्याच्याकडे आधी धावायचं. हे सगळं शिकायला मला दोन वर्षं लागली आणि त्या शाळेला भिंती नव्हत्या.

ती शाळा म्हणजे नळदुर्गच्या अलीकडचा एक माळ. बहात्तरचा दुष्काळ होता. आमच्या गावच्या शिवारात पाझर तलावाचं काम निघालं आणि पाच गावच्या बाया-बापड्या टिकाव-पाट्या घेऊन तिथं जमल्या. बायांबरोबर त्यांची लेकरं आली, कारण घरी ठेवायची कुणाजवळ? घरातलं प्रत्येक धडधाकट माणूस माळावरच होतं. पहिले चार दिवस लेकरं आयांच्या पायांत, मातीत, पाट्यांच्या वाटेवर पडलेली असायची. पाचव्या दिवशी बायांनीच ठरवलं, की एकीनं लिंबाखाली बसून सगळी सांभाळावीत.

माझी निवड कशी झाली ते सांगायला लाज कसली. मी एकोणीस वर्षांची, सातवी पास, आणि माझी उषा आठ महिन्यांची. पण सातवीमुळं मला कुणी निवडलं नाही. माझ्या अंगावर दूध भरपूर होतं, म्हणून निवडलं. परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आणि वाटपातली सुकडी खाऊन बऱ्याच जणींचं दूध आटलं होतं. माझं का आटलं नाही, ते मला ठाऊक नाही.

आमचं घर बौद्ध. पहिल्या आठवड्यात काही जणी लेकरू माझ्याजवळ ठेवायच्या आणि पाण्याचा तांब्या मात्र वेगळा, दगडावर झाकून ठेवून जायच्या. साळू ही पाटलांच्या भावकीतली. तिची तारा वर्षाची असेल, पण दिसायची सहा महिन्यांची. साळूला दूधच नव्हतं. एका दुपारी तारा रडून रडून निळी पडली, तेव्हा मी तिला पदराखाली घेतलं. साळू धावत आली, उभी राहिली, बघितलं आणि खाली बसली. "पिऊ दे," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिच्याजवळ तांब्या नव्हता. मग बाकीच्या जणींचेही तांबे येईनासे झाले.

लिंबाला झोळ्या बांधल्या होत्या. बांधावर काम करणाऱ्या आईला तिथून रडणं ऐकू जायचं नाही. म्हणून प्रत्येकीनं आपल्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून माझ्याजवळ दिला होता. कुणाचं लेकरू अंगावर प्यायला मागायला लागलं की तिचा काठ मी काठीला बांधून उंच धरायची. साळूचा हिरवा, कुणाचा जांभळा. ती बाई आपला रंग ओळखून पाटी तिथंच ठेवून यायची. मुकादमाला आधी वाटलं, बायांनी कसला तरी पक्ष काढला.

आता मजुरीचं. तिथं नुसतं हजर राहून पैसे मिळत नव्हते. जेवढी माती खणली तेवढी मजुरी. ज्याचा त्याचा खड्डा ठरलेला. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खणता राखायचा, म्हणजे मूळ जमीन किती उंच होती ते कळतं आणि खोली मोजता येते. मी तर काहीच खणत नव्हते. लेकरं सांभाळणं मोजायला कुठलीच टेप नव्हती. पाळणाघराची काही सोय कागदावर होती की नव्हती मला माहीत नाही; आमच्या माळापर्यंत ती आली नव्हती.

मुकादम रसूलभाई. दाढी पांढरी, आवाज मोठा, मन लोण्यासारखं. बायांनी त्यांना गराडा घातला. ते डोकं खाजवून म्हणाले, "नाव लिखता मैं. पन कमलबाई के नाव का खड्डा दिखना चाहिए. खड्डा नहीं तो पैसा नहीं."

तर खड्डा दिसला. रोज सकाळी कामावर येताना प्रत्येक बाई आधी माझ्या नावच्या खड्ड्यात उतरायची, दहा घाव घालायची, दोन पाट्या माती बांधावर टाकायची आणि मग आपल्या खड्ड्याकडं जायची. कुणाला आठवण करून द्यावी लागत नव्हती. पुढं मोठमोठी माणसं बालसंगोपनाला खर्च किती येतो यावर बोलताना मी ऐकली. आमच्या बायांना तो खर्च खांद्यात कळला होता. दहा घाव आणि दोन पाट्या, रोजच्या रोज, उपाशी पोटी.

लिंबाखाली मी एकटी नव्हते. नीलव्वा होत्या. मुरुमकडच्या, साठीच्या पुढच्या, लेकीकडं राहायला आलेल्या. गळ्यात लिंग, बोलणं निम्मं कानडी निम्मं मराठी, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वयामुळं त्यांना कामावर घेतलं नव्हतं. नातवाला घेऊन त्या लेकीच्या मागं यायच्या आणि सावलीला बसायच्या. एकदा त्यांच्या मांडीवर नातू होता, दुसऱ्या दिवशी नातू आणि आणखी एक, आठवड्यानं चार. लेकरं त्यांना अव्वा म्हणायची, कानडीत आई. दिसत नसल्यामुळं त्या लेकरं हातानं मोजायच्या, प्रत्येकाच्या टाळूवर थापटी मारत. मोजताना एखादं थापटीसाठी दुसऱ्यांदा डोकं पुढं करायचं. त्यांना ते लगेच कळायचं आणि त्या त्याचा कान धरायच्या. मजुरी त्यांना काहीच नव्हती. बाया आपापल्या भाकरीतला चतकोर त्यांच्या पदरात टाकायच्या, आणि आम्हाला सगळ्यांना ते ठीक वाटत होतं.

एक दिवस नवा ओव्हरसियर तपासणीला आला. माझ्याच वयाचा, पुण्याकडून आलेला, उन्हानं नाक सोललेलं. एकेका खड्ड्याशी थांबून तो नाव विचारत होता. माझ्या खड्ड्याशी आला, हजेरीपट बघितला आणि मला बोलावणं धाडलं. मी कडेवर एक आणि बोटाला एक अशी गेले.

"हा खड्डा तुमचा?"

"व्हय साहेब."

"हात दाखवा."

मी कडेवरचं खाली ठेवलं आणि हात पुढं केले. बाकी बायांच्या हातांना घट्टे पडून ते फाटले होते. माझे हात मऊ होते. दिवसभर लेकरांच्या अंगावरून फिरत होते, तेल-पाणी करत होते. साहेबांनी बघितलं, काही ओरडले नाहीत. रसूलभाईंना म्हणाले, "उद्यापासून ज्याचं नाव त्यानंच खणायचं. नाहीतर मला नाव कमी करावं लागेल." त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते. त्यांना खोटं दिसलं आणि ते खोटंच होतं.

मला त्या दिवशी फार लाज वाटली. इतक्या जणींच्या घामाचं मी बसून खाते, असं मनानं घेतलं. बाया म्हणत होत्या, थांब, रसूलभाई काहीतरी वाट काढतील. पण मी हट्टाला पेटले. दुसऱ्या दिवशी टिकाव घेतला आणि नीलव्वांना सांगितलं, "अव्वा, तुमी बसा लेकरांजवळ. म्या माजा खड्डा खणते."

"होगव्वा, जा तू," त्या म्हणाल्या. "म्या हाय की."

तीसच्या वर लेकरं, त्यांतली नऊ तान्ही, आणि एक म्हातारी जिला दिसत नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक मी प्रामाणिकपणाच्या नादात केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी खड्ड्यात होते. हाताला फोड आले होते आणि त्याचं मला बरं वाटत होतं, हे आता सांगायलाही नको वाटतं. बांधावर पाट्यांची रांग चालली होती. बाया वर चढायच्या आणि पलीकडच्या उताराला माती ओतायच्या. एकाएकी लिंबाकडून नीलव्वांची हाक आली. एवढ्याशा म्हातारीत तो आवाज कुठून आला कुणास ठाऊक. "कूसु इल्ला. लेकरू न्हाय. एक डोकं कमी हाय."

सगळं काम थांबलं. नीलव्वा परत थापट्या मारत मोजत होत्या आणि परत एक कमी येत होतं. कोण नाही ते त्यांनीच टाळू चाचपून ओळखलं. म्हणाल्या, "साळूची तारा. तिची टाळू अजून भरली न्हाय."

साळू बांधाच्या टोकावर होती, पाटी ओतायच्या बेतात. तिनं पाटी मागं ओढली आणि खाली वाकून बघितलं. उताराच्या पायथ्याशी सावली पडते, तिथं तारा आईला शोधत रांगत जाऊन झोपली होती. वरून माती घरंगळत आली होती. गळ्यापर्यंत ती बुजली होती, तोंड तेवढं मातीच्या बाहेर. साळू घसरतच खाली गेली. मी कशी पोचले आठवत नाही. आम्ही दोघींनी हातांनी माती उपसली. तिच्या तोंडात माती होती. मी बोट घालून ती काढली, तिला पालथी केली, पाठीवर मारलं. ती खोकली आणि रडायला लागली. इतकं गोड रडणं मी परत कधी ऐकलं नाही. मी तिला तिथंच पदराखाली घेतलं. ती प्यायली आणि झोपली.

साळूनं मला एक चपराक मारली. मग माझे हात हातात घेतले, फोड बघितले आणि स्वतःच रडायला लागली. "तुला मातीत हात घालाय कुणी सांगितलं गं?" ती म्हणाली. "आमी घालतो की. तुजं हात लेकराच्या अंगाला लागत्यात, त्ये फाटून कसं चालंल?"

त्या दिवशी बायांपैकी कुणी परत खड्ड्यात उतरलं नाही. ओरडाआरडा नव्हता. आपापलं लेकरू मांडीवर घेऊन त्या नुसत्या लिंबाखाली बसल्या. रसूलभाईंनी साहेबांना बोलावून आणलं आणि तारा दाखवली. तिच्या केसांत अजून माती होती. साहेबांनी हजेरीपट उघडला. मग म्हणाले, "माझ्याकडे कामाच्या बाबींची यादी आहे. त्यात लेकरं सांभाळणं ही बाब नाही. मी काय लिहू?"

रसूलभाई म्हणाले, "साब, पानी पिलानेवाली की बाब है ना? कामवालों को पानी पिलाती सो बाई?"

"आहे."

"तो ये बाई पानी पिलाती. छोटों को पिलाती."

साहेबांनी पेन काढलं आणि मला पाणीवाली केलं. आधी मी कागदावर खणणारी होते, आता पाणीवाली झाले. जे करत होते ते मात्र काही झाले नाही. तरी माझी मजुरी सुरू झाली आणि बायांचे रोजचे दहा घाव वाचले. तो खड्डा पुढं तसाच राहिला, मधल्या खुंटासकट.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. डोकी मोजून ज्यांनी तारा वाचवली त्या नीलव्वांचं नाव कुणी काढलं नाही. पाणीवाली एकच बसत होती. मीही काढलं नाही. एकोणीस वर्षांची होते, असं मी मला सांगत आले.

पुढं चार पावसाळे बरे गेले. आमच्या भागात सहकारी सूतगिरणी उभी राहिली. माळावर पाट्या उचलणाऱ्या कितीतरी बाया तिथं रिळावर, म्हणजे सूत गुंडाळायच्या यंत्रावर, लागल्या, साळूही लागली. गिरणीला पाळणाघर आणि बालवाडी हवी होती. चेअरमनसाहेबांनी जीप पाठवून मला बोलावून घेतलं, तुळजापूरला महिनाभराच्या शिक्षणाला धाडलं. तिथं मला कळलं, की मी माळावर जे करत होते त्याला बालसंगोपन म्हणतात. परत आल्यावर मी अट घातली की नीलव्वा माझ्याबरोबर पाहिजेत. साहेब म्हणाले, "येऊ द्या की, आम्ही कुठं नको म्हणतो?"

नको म्हणाले नाहीत, पण देऊ असंही म्हणाले नाहीत. मलाही पगार नव्हता, मानधन होतं. पगार कामाचा असतो आणि मानधन सेवेचं, असं मला समजावून सांगण्यात आलं. खात्यातली सरकी-कापूस झाडणाऱ्या बाईला माझ्यापेक्षा जास्त मिळायचं. तिचं काम कमी होतं असं मी म्हणत नाही. पण तिनं एक दिवस झाडलं नाही तर कापूस साठायचा. मी एक दिवस नाही आले तर रिळं बंद पडायची. हे फक्त रिळावरच्या बायांना ठाऊक होतं.

बालवाडी म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. नीलव्वा तान्ह्यांकडं आणि मी मोठ्यांकडं. मी गाणी म्हणायची, चिंचोके मोजायला लावायची, ओल्या मातीचे बैल करायला शिकवायची. नीलव्वा तान्ह्यांना कानडीत झोपवायच्या. आमची बरीच पोरं पहिला शब्द 'अव्वा' म्हणून बोलली, आणि आयांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मोतीबिंदूचं शिबिर तुळजापूरला झालं तेव्हा मी त्यांना घेऊन गेले. पट्टी सुटल्यावर माझ्याकडं बघून म्हणाल्या, "कमळे, तू एवढी बारीक हाईस व्हय? आवाजावरनं मला जाड वाटायचीस."

दोन वर्षं मानधनावर काढली. मग रिळावरच्या बायांनी जोर धरला आणि साळू मला म्हणाली, "तू मागायचं काय ते कागदावर लिही. नुसतं पुरत न्हाय म्हनलं की साहेब आमाला भाषण देत्यात." म्हणून मी वहीचं पान घेतलं. पंचेचाळीस लेकरं, त्यांत अकरा तान्ही. दोन बायका, दोघींना रिळावरच्या बाईएवढा पगार. रोज दूध, साबण, सतरंज्या. आजारी लेकराला आडोसा. उन्हाळ्यात पत्र्यावर टाकायला पाचट. लेकरू चांगलं सांभाळायला खरोखर जे लागतं तेवढंच लिहिलं, एक वस्तू जास्त नाही.

चेअरमनसाहेबांनी पान दोनदा वाचलं. माणूस भला होता. ती गिरणी त्यानं गावोगाव पायी फिरून, शेअर गोळा करून उभी केली होती. हसून म्हणाले, "कमलबाई, यात तुम्ही अर्धी गिरणीच मागितलीत. तुम्ही या लेकरांच्या आई आहात. आई कधी असं मागते का?"

मी म्हणाले, "साहेब, आईला घरातलं दळण मिळतं. मला ते विकत आणावं लागतं."

ते हसायचे थांबले. मग म्हणाले, "एक जागा देतो. कायम, रिळावरच्या बाईएवढा पगार. दूध देतो. दुसरी जागा बसत नाही, बोर्ड मला खाईल. आत्ता सही करा. पुढच्या निवडणुकीत मी असेन की नाही, माहीत नाही."

मला हे नीट सांगितलं पाहिजे. माझा नवरा सोलापूरच्या गिरणीतून खोकला घेऊन घरी आला होता. उषा नळदुर्गला शाळेत होती. पण या गोष्टी खऱ्या असल्या तरी त्यांच्या आड मला लपायचं नाही. मी एवढं म्हणू शकले असते, की साहेब, उद्या सांगते. बाहेर येऊन साळूला विचारू शकले असते. आदल्याच दिवशी नीलव्वांना मी म्हणाले होते, "अव्वा, आता दोघींचं होणार." मी त्यांचं नाव एकदा घेतलं. साहेबांनी नकाराची मान हलवली. मी सही केली.

बालवाडीत आले तेव्हा नीलव्वांच्या खांद्यावर एक लेकरू झोपलं होतं. मी सांगितलं. त्यांनी लेकराची मान सावरली. म्हणाल्या, "बरं झालं. एकीचं तरी झालं. मला काय लागतंय, लेक जेवाय घालतीय."

दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर आल्या. पहिल्या पगारातले काही पैसे मी त्यांच्या पदराला बांधले. त्यांनी ते सोडून परत माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "तुजं तू घे. गिरणीनं दिलं तर घीन, तुजं न्हाय." मी दोनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा केला नाही, आणि करावा लागला नाही म्हणून मनातून मला हलकं वाटलं. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. दर दिवाळीला मी त्यांना एक इरकल घेऊन द्यायची. ती मात्र त्या हौसेनं नेसायच्या आणि पोरांना काठ दाखवायच्या.

अशा त्या सगळी मिळून सात वर्षं आल्या. मग एका थंडीत त्या आल्या नाहीत. मी दुपारी त्यांच्या लेकीच्या घरी गेले, तर झोपेतच गेल्या होत्या. बालवाडीला एक दिवस सुटी मागायला मी ऑफिसात गेले. तिथल्या कारकुनानं रजिस्टर काढलं आणि विचारलं, "तुमच्या नात्यातल्या का?"

"माझ्याबरोबर काम करत होत्या."

त्यानं पानं उलटली. "नाव तर कुठंच नाही, बाई," तो म्हणाला. सुटी मिळाली नाही. रिळावरच्या बायांनी मात्र आपापली लेकरं त्या दिवशी आणलीच नाहीत.

त्यानंतर मी एकटी उरले. लेकरं पन्नासच्या घरात. चौथ्या दिवशी तान्ह्यांची राखण करते आहे, हे माझं मलाच कळलं. मी बालवाडीला कुलूप घातलं, किल्ली चेअरमनसाहेबांच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, की दुसरी बाई भरल्याशिवाय मी ती उचलणार नाही. पगार माझ्याएवढाच, आणि रजिस्टरला नाव. सात दिवस निम्मी रिळं बंद राहिली. आठव्या दिवशी बोर्डानं दुसरी जागा मंजूर केली. एवढं सोपं होतं. नीलव्वा असताना सात वर्षांत मला हे आठ दिवस सापडले नाहीत.

त्या जागेवर मंगल आली. एकोणीस-वीस वर्षांची, दहावी पास, हसरी. लेकरांना तिचा लळा चटकन लागला आणि मलाही. पहिला पगार झाला त्या दिवशी ती पाकीट छातीशी धरून माझ्याजवळ येऊन बसली. तिला घरच्यांना काय काय घ्यायचं होतं ते सांगत राहिली. मग म्हणाली, "बाई, माझ्या जागी आधी अव्वा होत्या म्हणं. सगळीजणं लई नाव काढत्यात त्यांचं. त्यांना किती पगार हुता?"

मी तिच्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता. मी म्हणाले, "तुझ्याएवढाच."

"मग बरं," ती म्हणाली आणि उठून रडणाऱ्या लेकराकडं गेली.

मंगल आता उमरग्याकडं अंगणवाड्यांवर देखरेख करते. हाताखाली कितीतरी बायका आहेत, आणि दिवाळी अंक आला की आधी ती वाचते, हे तिच्या पत्रावरून मला ठाऊक आहे. म्हणून इथं लिहिते. मंगल, त्या दिवशी मी खोटं बोलले. नीलव्वांना पगार नव्हता. सात वर्षं त्यांनी तुझंच काम केलं, आणि त्यांना काही मिळणार नाही हे ठाऊक असताना मी माझ्यापुरती सही केली. तुझ्या हाताखाली अशी कुणी एखादी बसत असेल, तर आधी तिचं नाव लिही.